आयटूसी बसवर सेन्सर सापडत नाही? आधी मल्टिमीटर उचला

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला बीएमई२८० हा तापमान, दाब आणि आर्द्रतेचा सेन्सर चार तारांनी जोडला, आयटूसी स्कॅनर हा छोटा प्रोग्रॅम चालवला आणि सिरियल मॉनिटरवर एकही पत्ता उमटला नाही. इथून पुढे बहुतेक जण लायब्ररी बदलतात, मग दुसरी लायब्ररी, मग बोर्ड पॅकेजची जुनी आवृत्ती. पण लायब्ररीचा अजून संबंधच आलेला नसतो. स्कॅनर करतो ते इतकंच: एकेका पत्त्याला हाक मारतो आणि कोणी ओ देतं का ते ऐकतो. ओ आली नाही तर कारण तारेत असतं, व्होल्टेजमध्ये असतं किंवा सेन्सरच्या एखाद्या मोकळ्या सोडलेल्या पिनेत असतं. या टप्प्यावर कोडमध्ये तपासण्यासारखे असतात ते फक्त पिनांचे क्रमांक. म्हणून कोडला हात लावण्याआधी, बस (चिपांच्या सामायिक तारा) शांत असताना तिच्या दोन तारांवर किती व्होल्ट आहेत ते मोजा. बऱ्याच शक्यता तिथेच गळून पडतात.

(पुढे सगळे पत्ते, रजिस्टर म्हणजे चिपमधले माहितीचे कप्पे, आणि आयडी हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या संख्यापद्धतीत, दिले आहेत.)

फिलिप्सने १९८२ साली आयटूसी ही बस आणली ती एकाच उपकरणातल्या चिपांना आपसांत बोलता यावं म्हणून. तारा दोनच: एसडीएवर डेटा, एससीएलवर क्लॉक. यातली गोम अशी की कोणतीही चिप तार वर ढकलत नाही, फक्त खाली ओढते. तार परत वर आणायचं काम तिला वीजपुरवठ्याशी जोडणाऱ्या पुल-अप रेझिस्टरचं. रेझिस्टर नसेल तर तार वर येणारच नाही. कोणी तार खाली धरून बसलं तर बाकी सगळे मुके. रेझिस्टर फार मोठा असेल तर तार वर येते, पण उशिरा. आयटूसीचे बरेचसे दोष या तीन वाक्यांत बसतात.

शांत बसचं मोजमाप

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब सेन्सर मॉड्यूलच्या स्वतःच्या ग्राउंड पिनेवर टेकवा, मायक्रोकंट्रोलरच्या नाही. लाल प्रोब आधी व्हीसीसी या वीजपुरवठ्याच्या पिनेवर, मग एसडीएवर, मग एससीएलवर. प्रोब मॉड्यूलच्या पॅडवरच लावायची. ब्रेडबोर्डच्या भोकात घातलेल्या तारेवर लावली तर तार आणि पॅड यांच्यामधला दोष लपून राहतो. हेडर पिन नुसती भोकात खोचून सोल्डर न करता चालवून पाहणं हे सेन्सर न सापडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. एका पिनेचा स्पर्श होतो, दुसरीचा होत नाही, बोट दाबलं की सेन्सर सापडतो आणि सोडलं की जातो. ८३० छिद्रांच्या ब्रेडबोर्डवर आणखी एक गोष्ट पाहा: काही बोर्डांवर कडेची लाल-निळी रेल मध्यावर तुटलेली असते, आणि सेन्सर पलीकडच्या अर्ध्यात असेल तर त्याला वीजच मिळत नाही.

३.३ व्होल्टच्या मांडणीत तिन्ही ठिकाणी ३.२ ते ३.३ दिसायला हवेत.

व्हीसीसी बरोबर आहे आणि दोन्ही तारा शून्याजवळ किंवा भरकटणाऱ्या आकड्यावर आहेत, तर पुल-अप नाहीत असं धरा. खात्री करायला १० किलोओहमचा रेझिस्टर एसडीए आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये क्षणभर लावा. आकडा ३.३ला गेला की निदान झालं. रेझिस्टर लावूनही तार खालीच राहिली तर कोणीतरी तिला ओढून धरलंय: कुठेतरी शॉर्ट आहे किंवा एखादी चिप अडकली आहे. तारा दीड-दोन व्होल्टवर लटकत असतील तर बसवर वीज न मिळालेलं दुसरं मॉड्यूल आहे का ते बघा. त्याच्या आतल्या संरक्षक डायोडांतून पुल-अपचा प्रवाह त्याच्या रिकाम्या व्हीसीसीकडे वाहतो आणि सगळी बस खाली बसते. हा दोष फसवा आहे, कारण बिघडल्यासारखा दिसतो तो चांगला सेन्सर. शंका आली की बसवर एकच मॉड्यूल ठेवा, बाकी सगळी काढा.

एसडीएवर ५ व्होल्ट दिसले आणि सेन्सर ३.३चा असेल तर तिथेच थांबा आणि वीज काढा.

पिना आणि व्होल्टेज

आर्डुइनो उनोवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५. एआरईएफ शेजारच्या दोन पिना याच दोन आहेत, वेगळ्या नाहीत. त्यामुळे ए४ला दुसरं काही जोडलं असेल तर बस गेली. मेगावर २० आणि २१. लिओनार्डोवर २ आणि ३. साध्या ईएसपी३२वर आर्डुइनोच्या नेहमीच्या पिना जीपीआयओ (चिपचे स्वतःचे पिन-क्रमांक) २१ आणि २२, पण कोडमध्ये दुसऱ्या देता येतात. फक्त ३४ ते ३९ देऊ नका: त्या निव्वळ इनपुट आहेत, तार खाली ओढूच शकत नाहीत. नोडएमसीयू बोर्डावर जास्त घोळ होतो, कारण बोर्डावर छापलेले डी-क्रमांक आणि जीपीआयओ क्रमांक वेगळे. जीपीआयओ ४ म्हणजे डी२ आणि जीपीआयओ ५ म्हणजे डी१. एसडीए डी२वर, एससीएल डी१वर. तारांची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, फक्त शांतता पसरते. म्हणून शंका असेल तर उलटून पाहायला हरकत नाही.

व्होल्टेजच्या बाबतीत मात्र अशी मोकळीक नाही. बीएमपी२८० आणि बीएमई२८० या बॉशच्या चिपा १.७१ ते ३.६ व्होल्टवर चालतात आणि ४.२५ ही त्यांची कमाल मर्यादा. सहा पिनांच्या लहान मॉड्यूलवर बहुधा रेग्युलेटर नसतो. चार पिनांच्या आणि ५ व्होल्ट चालतील असं लिहिलेल्या मॉड्यूलवर असतो. बोर्डावर तीन पायांची छोटी चिप दिसते का ते बघा. ती दिसली नाही तर ५ व्होल्ट देऊ नका. रेग्युलेटर असला तरी तो फक्त विजेचा प्रश्न सोडवतो, डेटा तारांचा नाही. आयटूसीसाठीची उनोची 'वायर' लायब्ररी सुरू होताना एटीमेगाचे आतले पुल-अप चालू करते, तेही ५ व्होल्टला. ते २० ते ५० किलोओहमचे म्हणजे कमजोर असतात, त्यामुळे अनेकदा निभावतं. पण त्यावर कायमची मांडणी उभी करू नये. उलट बाजूने, एटीमेगाला ५ व्होल्टवर आयटूसीचा 'वर' म्हणून ३.५ व्होल्ट अपेक्षित असतात आणि ३.३ला बांधलेली तार तिथवर पोचत नाही. टेबलावर चालतं, उन्हात-थंडीत कधी चालतं कधी नाही, अशा तक्रारीमागे हा ०.२ व्होल्टचा फरक असू शकतो. दोन व्होल्टेजांची सांगड घालणारं बीएसएस१३८ मॉसफेटचं लेव्हल शिफ्टर मॉड्यूल यासाठी योग्य. टीएक्सबी०१०४सारखे आपोआप दिशा ओळखणारे शिफ्टर घेऊ नका. ते दोन्ही बाजूंना ढकलणाऱ्या सिग्नलसाठी आहेत आणि खाली ओढणाऱ्या बसवर गोंधळतात.

सहा पिनांच्या मॉड्यूलवरच्या उरलेल्या दोन पिनांकडे दुर्लक्ष होतं: सीएसबी आणि एसडीओ. सीएसबी खाली गेली की चिप एसपीआय या दुसऱ्या संवादपद्धतीत शिरते आणि वीज काढून परत देईपर्यंत आयटूसीकडे वळत नाही. म्हणजे सुरुवातीच्या क्षणी सीएसबी चुकून एकदा खाली गेली असेल, तर नंतर ती वर नेऊन उपयोग नाही. एसडीओ पत्ता ठरवते: ग्राउंडला बांधली तर ७६, ३.३ला बांधली तर ७७, मोकळी सोडली तर पत्ता अनिश्चित असं डेटाशीटच सांगतं. बऱ्याच मॉड्यूलवर या दोन्हींना रेझिस्टर लावलेले असतात, पण सगळ्यांवर असतीलच असं नाही. सीएसबी ३.३ला आणि एसडीओ ग्राउंडला तारेने बांधून टाका. दोन तारांचं काम आहे.

पुल-अप किती ओहमचा?

'४.७ किलो लावा' हे उत्तर बहुतेक वेळा चालतं. का चालतं ते कळलं की कधी चालणार नाही तेही कळतं.

खालची मर्यादा चिपच्या ताकदीवर ठरते. प्रमाणित चिपने ३ मिलिअँपिअर ओढून तार ०.४ व्होल्टपर्यंत खाली आणायला हवी. ३.३ व्होल्टला हा हिशेब ९६७ ओहम येतो, ५ व्होल्टला सुमारे १.५ किलोओहम. त्याखाली गेलात तर तार पुरती खाली येत नाही. आता समजा पाच मॉड्यूल एकाच बसवर आहेत आणि प्रत्येकावर आधीच ४.७ किलोचे पुल-अप आहेत. समांतर जोडणीत ते ९४० ओहम होतात. चार मॉड्यूलपर्यंत सगळं ठीक आणि पाचवं लावलं की सगळीच गायब, असं दिसलं तर पाचव्याला दोष देण्याआधी वीज काढा आणि एसडीए ते व्हीसीसी रेझिस्टन्स मोजा. दोन-तीन मॉड्यूलवरचे पुल-अप काढून टाकले की काम होतं. काही बोर्डांवर त्यासाठी कापायची पट्टी दिलेली असते.

वरची मर्यादा तारेच्या कपॅसिटन्सवर, म्हणजे तिच्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर. तार ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर यायला लागणारा वेळ ०.८४७३ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटन्स). १०० किलोहर्ट्झला तो १००० नॅनोसेकंदांच्या आत हवा, ४०० किलोहर्ट्झला ३०० नॅनोसेकंदांच्या आत. ईएसपी३२चा आतला पुल-अप साधारण ४५ किलोचा. ब्रेडबोर्ड आणि जंपर मिळून ५० पिकोफॅराड धरले तर १.९ मायक्रोसेकंद लागतात, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. १०० किलोहर्ट्झला कसंबसं चालेल, ४००ला नाही. ४.७ किलो आणि १०० पिकोफॅराडला ३९८ नॅनोसेकंद येतात: १००ला उत्तम, ४००ला नियमाबाहेर. तिथे २.२ किलो घ्या, १८६ येतात.

कमजोर पुल-अपचं एक उलटं लक्षणही आहे. स्कॅनर भुताटकीचे पत्ते दाखवतो, कधी दहा-वीस ओळीने. प्रत्येक बाइटनंतर क्लॉकच्या नवव्या ठोक्याला मास्टर, म्हणजे बस चालवणारा मायक्रोकंट्रोलर, एसडीए सोडतो आणि ती खालीच दिसली तर ओ आली असं मानतो. पुल-अप ढिला असेल तर तार तोवर वर आलेलीच नसते. नसलेल्या चिपा दिसू लागल्या की पुल-अप बघा.

वेग कमी करून पाहणं हा चांगला प्रयोग आहे, पण उनोवर एक खड्डा आहे. वायर लायब्ररीच्या सेटक्लॉक या वेग ठरवणाऱ्या फंक्शनला १०००० दिलं तर १० किलोहर्ट्झ मिळत नाहीत. लायब्ररीचा हिशेब ७९२ काढतो आणि तो आठ बिटांच्या रजिस्टरात मावत नाही. उरतात २४, आणि बस २५० किलोहर्ट्झवर धावते. १६ मेगाहर्ट्झच्या उनोवर या मार्गाने सुमारे ३०.४ किलोहर्ट्झच्या खाली जाता येत नाही, म्हणून ३२००० द्या. आणि सेटक्लॉक हे लायब्ररी सुरू करणाऱ्या बिगिननंतर लिहा. आधी लिहिलं तर बिगिन ते पुसून परत १०० करतं.

स्कॅनरला दिसतो, लायब्ररीला दिसत नाही

ही पूर्णपणे वेगळी तक्रार आहे आणि तिची उत्तरंही वेगळी. स्कॅनरने ७६ दाखवलं म्हणजे वीज, तारा, पुल-अप सगळं ठीक आहे. ते परत उकरू नका.

पहिलं कारण पत्ता. अ‍ॅडाफ्रूटच्या बीएमई२८० लायब्ररीत काही न सांगता ७७ गृहीत असतं, आणि बाजारातली बहुतांश स्वस्त मॉड्यूल ७६वर असतात. बिगिनच्या कंसात ७६ लिहा. ओलेड डिस्प्लेच्या मागे ७८ किंवा ७ए छापलेलं असतं आणि स्कॅनर ३सी किंवा ३डी दाखवतो, दोन्ही बरोबर. छापलेला आकडा वाचन-लेखनाचा बिट धरून आठ बिटांचा आहे, तो निम्मा केला की सात बिटांचा खरा पत्ता मिळतो. डेटाशीटमध्ये ७७च्या वरचा पत्ता दिसला तर तो आठ बिटांचाच समजा, कारण सात बिटांत वापरायचे पत्ते ०८ ते ७७ एवढेच, एकूण ११२.

दुसरं कारण: चिप वेगळीच आहे. लायब्ररी सुरुवातीला डी० या रजिस्टरमधून चिपचा आयडी वाचते. बीएमई२८० असेल तर ६० येतं, बीएमपी२८० असेल तर ५८, बीएमई६८० असेल तर ६१, जुन्या बीएमपी१८०चं ५५. तुम्ही स्वतः वाचून बघा: बिगिनट्रान्समिशन ७६ला, राइटमध्ये डी०, एंडट्रान्समिशनच्या कंसात फॉल्स, मग रिक्वेस्टफ्रॉमने एक बाइट. ५८ आलं तर तुमच्या हातात आर्द्रता मोजणारा सेन्सर नाही, मॉड्यूलवर काहीही छापलेलं असो. विकत घेतानाही ओळखता येतं: बीएमई२८०ची धातूची डबी चौरस असते, २.५ बाय २.५ मिलिमीटर, बीएमपी२८०ची आयताकृती, २ बाय २.५. भिंग घेऊन जा. एफएफ आलं तर त्या वाचनाला कोणी उत्तरच दिलं नाही.

एमपीयू६०५० या हालचाल मोजणाऱ्या चिपच्या नावाने मिळणाऱ्या मॉड्यूलचंही असंच. ७५ या रजिस्टरमधून ६८ यायला हवं. ७० आलं तर ती एमपीयू६५०० आहे, ७१ आलं तर एमपीयू९२५०. चिप चांगली असते, लायब्ररी फक्त ओळख पटत नाही म्हणून नकार देते.

दोन चिपांचा पत्ता एकच असण्याचे नेहमीचे जोड सांगून ठेवतो. डीएस३२३१ घड्याळ आणि एमपीयू६०५०, दोन्ही ६८. एमपीयूची एडी० पिन ३.३ला बांधून तिला ६९वर न्या. प्रवाह मोजणारी आयएनए२१९ आणि सर्व्हो-एलईडी चालवणारी पीसीए९६८५, दोन्ही ४०. पीसीए९६८५ स्कॅनमध्ये दोनदा दिसते, ४० आणि ७०. ७० हा तिचा सगळ्यांना एकत्र हाक मारायचा पत्ता, आणि तोच एका बसच्या अनेक शाखा (चॅनेल) करणाऱ्या टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सरचा मूळ पत्ता. दोघं एका बसवर असले की मल्टिप्लेक्सर विचित्र वागतो. त्याला ७१ किंवा ७२वर हलवा. मल्टिप्लेक्सरमागचे सेन्सर चॅनेल निवडल्याशिवाय दिसत नाहीत हेही लक्षात असू द्या. आणि एएम२३२० हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर झोपलेला असतो: पहिल्या हाकेला तो फक्त जागा होतो, ओ देत नाही. साधा स्कॅनर त्याला चुकवतो. ५सी या पत्त्यावर लगेच दुसरी हाक मारा.

रीसेट केल्यावर अडकलेली बस

काल चालत होतं, आज कोड अपलोड केल्यापासून सेन्सर नाही, आणि यूएसबी काढून परत लावली की ठीक. हा दोष खराखुरा आहे आणि त्याचं कारण नेमकं आहे. सेन्सर एक बाइट पाठवत होता, त्यातला शून्य बिट देण्यासाठी त्याने एसडीए खाली धरली होती, आणि त्याच क्षणी मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला. रीसेटने सेन्सरची वीज जात नाही. तो पुढच्या क्लॉकची वाट बघत एसडीए धरून बसतो, आणि एसडीए खाली असल्यामुळे मास्टरला बोलणं सुरूच करता येत नाही.

सोडवणूक आयटूसीच्या मूळ तपशीलपत्रातच दिलेली आहे: नऊ ठोके. वायर.बिगिनच्या आधी एसडीए इनपुट पुल-अप करा आणि वाचा. ती खाली असेल तर एससीएल ५ मायक्रोसेकंद खाली ओढा, ५ मायक्रोसेकंद सोडा, एसडीए परत वाचा. जास्तीत जास्त नऊ वेळा. सोडा म्हणजे इनपुट करा, आउटपुट हाय नाही. नऊच का, तर बाइटचे उरलेले बिट संपले की नवव्या ठोक्याला सेन्सर मास्टरची ओ ऐकायला एसडीए सोडतो आणि ओ न मिळाल्याने गप्प होतो. एसडीए वर आली की स्टॉप द्या: एसडीए खाली, एससीएल वर, मग एसडीए वर. त्यानंतर बिगिन. वीस ओळींचा हा तुकडा प्रत्येक प्रकल्पाच्या सेटअपमध्ये असावा, विशेषतः शेतावरच्या किंवा गच्चीवरच्या हवामानकेंद्रात, जिथे यूएसबी उपसायला कोणी जवळ नसतं.

उनोवर आणखी एक ओळ घाला. वायर लायब्ररी अडकलेल्या बसवर अनंत काळ वाट बघते, सगळा कोड गोठतो. सेटवायरटाइमआउटला २५००० आणि ट्रू दिलं की २५ मिलिसेकंदांनी ती सुटते. ईएसपी३२वर याचं लक्षण वेगळं: ११२ पत्त्यांचं स्कॅन १०० किलोहर्ट्झला बारा-तेरा मिलिसेकंदांत आटपायला हवं, ते कित्येक सेकंद रेंगाळलं तर प्रत्येक पत्त्यावर टाइमआउट होतोय, म्हणजे तार खाली आहे.

एससीएलच खाली अडकली असेल तर नऊ ठोके देताच येत नाहीत. मग वीज तोडणं हाच इलाज. बीएमई२८० मोजतानाही एक मिलिअँपिअरच्या आत घेतो, त्यामुळे त्याला जीपीआयओवरून वीज देऊन कोडमधून बंद-चालू करता येतं. पण बसचे पुल-अपही त्याच पिनेवर बांधा आणि वीज बंद असताना मायक्रोकंट्रोलरचे आतले पुल-अप बंद ठेवा. वीज नसलेल्या सेन्सरच्या पिना वर धरल्या तर तो कायमचा खराब होऊ शकतो, असं डेटाशीट स्पष्ट बजावतं.

लांब तार आणि ओलावा

मूळ नियम ४०० पिकोफॅराडचा. इथरनेट केबलला मीटरमागे सुमारे ५० पिकोफॅराड. पाच मीटरला २५०, म्हणजे २.२ किलोचा पुल-अप आणि १०० किलोहर्ट्झ. एसडीए आणि एससीएल एकाच पिळाच्या जोडीत घालू नका, एकीचे ठोके दुसरीवर उमटतात. एसडीएबरोबर ग्राउंड एका जोडीत, एससीएलबरोबर व्हीसीसी दुसरीत. दहा मीटरच्या पुढे पी८२बी७१५ किंवा पीसीए९६१५सारखी बफर चिप लावा, नाहीतर सेन्सरजवळ दुसरा छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवून आरएस-४८५ ही लांब तारांसाठीची जोडणी वापरा. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर बाहेर राहणाऱ्या सेन्सरचे जंपर आणि हेडर काढून टाका, तारा थेट सोल्डर करा आणि जोडावर कन्फॉर्मल कोटिंग हा ओलावा रोखणारा लेप मारा. फक्त सेन्सरच्या डबीवरचं बारीक भोक झाकू नका, हवा तिथूनच आत जाते.

एवढं करूनही चिप गप्प असेल तर तारांवरचे सिग्नल टिपणारा आठ चॅनेलचा साधा लॉजिक अ‍ॅनालायझर आणि ते दाखवणारं पल्सव्ह्यू हे सॉफ्टवेअर घ्या. १०० किलोहर्ट्झच्या बससाठी ४ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंग पुरतं. आधी तारेवर गेलेला बाइट वाचा: ७६ला लिहायचं असेल तर तारेवर ईसी जायला हवं, वाचायचं असेल तर ईडी. डीकोडर पत्ता सरकवून दाखवतोय की न सरकवता, हे त्याच्या सेटिंगमध्ये तपासा. बाइट बरोबर गेला आणि नववा बिट तरीही वर राहिला, तर सेन्सरने हाक ऐकलेली नाही. त्याची वीज, सीएसबी आणि एसडीओ परत एकदा त्याच्याच पॅडवर मोजा. तिन्ही बरोबर असतील तर दुसरं मॉड्यूल त्याच तारांवर लावून बघा.